तबकडीवरचा कुत्रा

माझ्या लहानपणी आमच्या घरी आजोबांचा चावीचा ग्रामोफोन होता. रविवारी दुपारी जेवणे आटोपली की आजोबा तो माजघरातून बाहेर आणत, सुई बदलत, चावी देत आणि कोणी हात लावायचा नाही अशी आम्हां मुलांना ताकीद देत. गाणी बहुतेक नाटकातली असत. ती मला तेव्हा फारशी कळत नसत. मला आवडे तो तबकडीच्या मधोमध चिकटवलेल्या गोल कागदावरचा कुत्रा. तबकडी फिरू लागली की कुत्राही गरगर फिरे, मग दिसेनासा होई, आणि गाणे संपून तबकडी मंदावली की पुन्हा कर्ण्याला कान लावून जागच्या जागी बसलेला सापडे. आजी त्याच्याकडे बोट दाखवून म्हणे, "बघा तो मुका जीव, मालकाचं कसं कान देऊन ऐकतोय. नाहीतर तुम्ही!"

आजीचे हे वाक्य मी पुढची पन्नास वर्षे खरे मानले. मी पेशाने इतिहासाचा शिक्षक. पण त्या चित्राचा काही इतिहास असेल असे माझ्या मनात कधी आले नाही. मग २०१९ साली त्याच रक्ताचा एक खराखुरा कुत्रा आमच्या घरी राहायला आला, आणि त्याने महिनाभरात दाखवून दिले की जगातल्या सगळ्या कुत्र्यांत मालकाचे सर्वांत कमी ऐकणारा जर कोणी असेल तर तो हाच.

हा कुत्रा म्हणजे जॅक रसेल टेरिअर. आमच्या मुलीने तो आणला. सिनेमात पाहिला होता आणि आवडला होता, एवढेच कारण. विकणाऱ्याने सांगितले होते, "फ्लॅटसाठी एकदम योग्य, मोठा होत नाही." ते खरेच होते. आठ महिन्यांचा झाला तरी तो एखाद्या मांजराहून थोडासाच मोठा होता. अंग पांढरे, एका डोळ्याभोवती तपकिरी ठिपका. आम्ही त्याचे नाव बंड्या ठेवले. नाव ठेवताना इतके शब्दशः खरे होईल असे वाटले नव्हते. सोफ्याचा एक कोपरा त्याने काथ्या दिसेपर्यंत उकरला. गॅलरीतली तुळस दोनदा उपटली. लिफ्टचे दार वाजले की भुंके, कुकरची शिट्टी झाली की भुंके, वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली तरी भुंके. सोसायटीच्या सेक्रेटरींचे पत्र आले. मुलीची बदली बंगळुरूला झाली आणि कुत्रा आमच्या गळ्यात पडला. शेवटी आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, आता एक तर हा राहील नाहीतर मी." गावाबाहेर शेतावर राहणारे एक गृहस्थ त्याला घ्यायला तयार होते. रविवार ठरला.

त्याआधी लसीचा दाखला हवा म्हणून शुक्रवारी त्याला डॉक्टरांकडे नेले. मी तक्रारींचा पाढा वाचला. डॉक्टरांनी त्याला तपासले, दात पाहिले, आणि म्हणाले, "सर, हा बेशिस्त नाहीये. बेकार आहे."

मी म्हटले, "म्हणजे वाया गेलेला?"

"नाही हो. बेकार म्हणजे नोकरी गेलेला. याची जात ज्या कामासाठी घडवली ते काम त्याला मिळत नाही. मग तो सोफ्यात काम शोधतो."

इतिहासाच्या माणसाला एवढे पुरे होते. कुठली नोकरी? ती कोणी दिली? आणि गेली कशी? त्या रविवारी मी शेतावरच्या गृहस्थांना फोन करून महिनाभराची मुदत मागून घेतली आणि पुस्तके काढून बसलो. सुरुवात अर्थात तबकडीवरच्या कुत्र्यापासून केली.

त्याचे नाव निपर. इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरात १८८४ साली जन्मलेला. मालक मार्क बॅरॉड हा तिथल्या नाटकगृहात पडदे रंगवणारा चित्रकार होता. निपर म्हणजे चावे काढणारा. घरी आलेल्या पाहुण्यांच्या पोटऱ्यांना तो मागून दात लावी म्हणून हे नाव. आपल्याकडे 'चावऱ्या' म्हटले असते. त्याची जात कोणी जॅक रसेल सांगतात, कोणी फॉक्स टेरिअर, कोणी त्यात बुल टेरिअरचे रक्त होते म्हणतात. टेरिअर होता एवढे नक्की. उंदीर दिसला की मागे धावे, दुसऱ्या कुत्र्याशी भांडायला कायम तयार असे. मार्क १८८७ साली वारला, तेव्हा त्याच्या धाकट्या भावाने, फ्रान्सिसने, निपरला सांभाळले. फ्रान्सिसही चित्रकारच. निपर १८९५ साली मेला आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांनी फ्रान्सिसने आठवणीतून त्याचे चित्र काढले. फोनोग्राफच्या कर्ण्यापुढे मान वाकडी करून बसलेला कुत्रा. मेलेल्या मालकाचा आवाज ऐकून कुत्रा स्तब्ध झाला, अशी एक हृद्य कथा या चित्राला पुढे चिकटली. कथा गोड आहे, पण मार्क वारला तेव्हा इंग्लंडातल्या साध्या घरांत आवाज मुद्रित करणारी यंत्रे आलेलीच नव्हती.

फ्रान्सिसने हे चित्र आधी फोनोग्राफ बनवणाऱ्या कंपनीला दाखवले. तिथून उत्तर आले की कुत्री फोनोग्राफ ऐकत नसतात. मग चित्रातला काळा कर्णा फार उदास दिसतो म्हणून एक पितळी कर्णा उसना आणावा, या विचाराने तो ग्रामोफोन कंपनीच्या कचेरीत गेला. तिथल्या व्यवस्थापकाने सांगितले, की फोनोग्राफ पुसून तिथे आमचे तबकडीचे यंत्र काढा, चित्र आम्ही घेतो. चित्राचे ५० पौंड आणि हक्काचे ५० पौंड, असा १८९९ साली सौदा झाला. पुढे फ्रान्सिसने कंपनीसाठी या चित्राच्या आणखी २४ प्रती स्वतःच्या हाताने काढल्या. याच कंपनीचा फ्रेड गैसबर्ग १९०२ साली कोलकात्यात आला आणि त्याने गौहर जानचे गाणे मुद्रित केले. १९०८ साली तबकड्या कोलकात्यातच छापल्या जाऊ लागल्या. तेव्हापासून हा ब्रिस्टलचा चावरा कुत्रा आपल्या माजघरांतून आज्ञाधारकपणाचा नमुना म्हणून बसला आहे.

आता त्याच्या कुळाकडे वळू. टेरिअर हा शब्द लॅटिनमधल्या 'टेरा'वरून आला. टेरा म्हणजे जमीन. जमिनीत शिरणारा तो टेरिअर. १४८६ साली छापलेल्या एका इंग्रजी शिकारग्रंथात कुत्र्यांच्या यादीत हे नाव सापडते. १५७० साली जॉन कीज या केंब्रिजच्या वैद्याने ब्रिटनमधल्या कुत्र्यांवर लॅटिनमध्ये एक छोटे पुस्तक लिहिले, त्यात कोल्ह्याच्या आणि बिज्जूच्या बिळात शिरून त्यांना बाहेर हाकलणाऱ्या कुत्र्यांचे वर्णन आहे. (इथे एक खुलासा करायला हवा. आपण ज्याला कोल्हा म्हणतो तो इंग्रजांचा 'जॅकल'. त्यांच्या 'फॉक्स'चा आपल्याकडचा खरा भाऊ म्हणजे खोकड. पण मराठीत गोष्टींतला कोल्हा इतका रुळलेला आहे, की मीही इथे कोल्हाच म्हणतो.)

काम कसे चाले ते नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण बंड्याच्या सगळ्या खोड्यांचे मूळ त्यात आहे. घोड्यावरचे शिकारी आणि तीस-चाळीस हाउंड कुत्री कोल्ह्याचा पाठलाग करत. कोल्हा जीव वाचवायला बिळात घुसे. हाउंड मोठे, त्यांना आत जाता येत नसे. मग टेरिअरला सोडत. तो अंधाऱ्या, वाकड्यातिकड्या, जेमतेम त्याच्या छातीएवढ्या बोगद्यात सरपटत जाई आणि कोल्ह्यासमोर उभा राहून भुंकत सुटे. कोल्हा एक तर दुसऱ्या तोंडाने बाहेर पळे, किंवा तिथेच अडून बसे. अडून बसला तर वरची माणसे कान जमिनीला लावून भुंकण्याचा माग घेत आणि नेमके तिथे खणत. टेरिअर गप्प बसला तर त्याला स्वतःलाही कोणी शोधू शकत नसे. अशी कित्येक कुत्री बिळात अडकून मेली.

म्हणजे पाहा. भुंकणे ही त्याची खोड नव्हे, ते त्याचे काम होते, आणि न थकता भुंकणे हे कौशल्य. माती उकरणे हे काम होते. आपल्याहून भारी जनावरासमोर मागे न हटणे हे काम होते. आणि सर्वांत महत्त्वाचे, हे सगळे त्याने एकट्याने, स्वतःच्या बुद्धीने करायचे होते. मेंढ्या वळणारा कुत्रा धन्याच्या शिट्टीवर वळतो. त्याचा धनी त्याला दिसत असतो, त्याचा आवाज पोहोचत असतो. जमिनीखाली सहा फुटांवर मालकाचा आवाज पोहोचतच नाही. मालकाच्या हुकुमाची वाट पाहत बसणारा टेरिअर निरुपयोगी ठरला असता. पिढ्यान्‌पिढ्या शिकाऱ्यांनी अशाच कुत्र्यांची पिल्ले राखली जी कोणाला न विचारता निर्णय घेत. तोच कुत्रा आज आपण तिसऱ्या मजल्यावर आणतो आणि ऐकत नाही म्हणून चिडतो.

हे मी पुस्तकात वाचत होतो, त्याच महिन्यात डोळ्यांनीही पाहिले. एका सकाळी जवळच्या टेकडीवर बंड्याने माझ्या हातातून दोरी हिसकली आणि तो उताराला असलेल्या घुशीच्या बिळात दिसेनासा झाला. मी हाका मारल्या. बिस्किटाचा पुडा वाजवला. काही नाही. मग जमिनीतून, माझ्या पायांच्या थोडे डावीकडून, दबलेले भुंकणे ऐकू आले. तो एका लयीत भुंकत होता, रागाने नाही, घाबरूनही नाही. आपण एखाद्याला ठिकाण सांगतो ना, तसे. फिरायला आलेल्या दोघा जणांनी काठ्यांनी माती उकरायला मदत केली. वीस मिनिटांनी शेपूट हाताला लागले. ओढून काढला तेव्हा नाकावर ओरखडा, डोळ्यांत माती आणि चेहऱ्यावर जे होते त्याला समाधान याखेरीज दुसरा शब्द नाही. आठ महिन्यांत मी त्याला इतका शांत पाहिला नव्हता. त्या दिवशी तो संध्याकाळपर्यंत झोपला आणि लिफ्टकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही.

(असे कोणी मुद्दाम करू नये हे सांगून ठेवतो. आपल्याकडच्या बिळात घूसच असेल याची खात्री नसते. नाग किंवा घोणसही असू शकते. तेव्हापासून टेकडीवर त्याच्या गळ्यात पट्टा नसतो, छातीभोवती घट्ट बसणारा पट्टा असतो, आणि दोरी मी मनगटाला दोन वेढे देऊन धरतो.)

जॅक रसेल हे मूळ एका माणसाचे नाव आहे. रेव्हरंड जॉन रसेल, जन्म १७९५, डेव्हन परगण्यातला. १८१९ सालच्या मे महिन्यात, ऑक्सफर्डला शिकत असताना, तो गावाबाहेर फिरायला गेला आणि वाटेत एका दूधवाल्याजवळ त्याला एक कुत्री दिसली. पांढरी, दोन्ही डोळ्यांवर आणि कानांवर तपकिरी ठिपका, शेपटीच्या मुळाशी तसाच एक लहानसा. रसेल तिथेच अडून बसला आणि कुत्री विकत घेऊनच परतला. तिचे नाव ट्रंप. हसू नका, गोष्ट दोनशे वर्षांपूर्वीची आहे. ती उंचीला जेमतेम पूर्ण वाढलेल्या कोल्हिणीएवढी होती आणि हेच रसेलला हवे होते. कोल्हा जिथे मावेल तिथे ती मावणार. पांढरा रंगही शोभेसाठी नव्हता. बिळातून मातीने माखून बाहेर आलेल्या कुत्र्याला कोल्हा समजून हाउंडांनी फाडू नये म्हणून तो हवा असे.

रसेल पुढे स्विमब्रिज नावाच्या गावी धर्मगुरू झाला आणि जवळजवळ मरेपर्यंत, म्हणजे १८८३पर्यंत, शिकार करत राहिला. त्याच्या बिशपला हे मुळीच पसंत नव्हते. पण एक गोष्ट या माणसाच्या बाजूने सांगायला हवी. कोल्ह्याला ठार मारणारा कुत्रा त्याला नको होता. त्या काळी अनेक जण टेरिअरमध्ये झुंजीच्या बुलडॉगचे रक्त मिसळत. रसेलने ते टाळले. कोल्ह्याला भिडावे, भुंकून बाहेर काढावे, पण चावून मारू नये, असा धीट आणि तरी डोके ताळ्यावर असलेला कुत्रा त्याला हवा होता. शूर पण अतिरेकी नाही, हा तोल त्याने साठ वर्षे निवडीतून जपला. बंड्या घरातल्या लहान मुलांशी जो धसमुसळा पण निरुपद्रवी वागतो, त्यात या पाद्रीबुवांचा वाटा असावा असे मला वाटते.

ट्रंपचे एक चित्र इंग्लंडच्या युवराजाने, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डने, सँड्रिंगहॅमच्या आपल्या वाड्यात घोड्यांच्या सामानाच्या खोलीत लावले होते. हा एडवर्ड आपल्या ओळखीचा आहे. मुंबईच्या 'काळा घोडा'वर बसलेला स्वार तो हाच. १८७९ सालचा तो पुतळा १९६५ साली हलवला आणि राणीच्या बागेत नेऊन ठेवला. नाव मात्र घोड्याचे राहिले. एडवर्डचा स्वतःचा लाडका कुत्राही टेरिअरच, सीझर नावाचा. १९१० साली राजाच्या अंत्ययात्रेत हा सीझर शवपेटीमागून चालला आणि युरोपातले राजे, खुद्द जर्मनीचा कैसरसुद्धा, त्याच्या मागे चालले.

पण राजवाड्यात पोहोचलेला टेरिअर आणि बिळातला टेरिअर यांच्या वाटा तोवर वेगळ्या झाल्या होत्या. १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब निघाला, प्रदर्शने भरू लागली, कोणाचे डोके किती लांब आणि खांदा किती सरळ याची मापे ठरली. रसेल क्लबच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी एक. प्रदर्शनात तो परीक्षक म्हणूनही बसला. स्वतःची कुत्री मात्र त्याने तिथे कधी आणली नाही. त्याच्या मते आपली कुत्री आणि प्रदर्शनातली कुत्री यांत रानगुलाब आणि बागेतला गुलाब यांच्याइतका फरक होता. हा वाद नंतर शंभर वर्षांहून अधिक चालला. रसेलच्या कुत्र्यांचे अभिमानी म्हणत, वंशावळीच्या कागदात अडकलात की काम गेले. ब्रिटनच्या केनेल क्लबने पार्सन रसेल या थोड्या उंच शाखेला १९९० साली मान्यता दिली, आणि आखूड पायांच्या जॅक रसेलला तर थेट २०१६ साली. पार्सन रसेलच्या बाबतीत एक जुनी रीत टिकून आहे: प्रदर्शनात परीक्षक दोन्ही पंजांनी कुत्र्याची छाती कवेत घेऊन पाहतो. पंजात मावली तर बिळात मावणार.

शहरातल्या टेरिअरांचे काम वेगळे आणि जास्त ओंगळ होते. लंडनच्या गुत्त्यांत लाकडी कठड्याच्या आत शेकडो उंदीर सोडून त्यात कुत्रा टाकत आणि घड्याळ लावून पैजा मारत. १८२३ साली बिली नावाच्या कुत्र्याने शंभर उंदीर साडेपाच मिनिटांत मारल्याची नोंद आहे. १८३५च्या कायद्याने बैल-अस्वलांच्या झुंजी बंद झाल्या, तेव्हा हा उंदरांचा खेळ उलट फोफावला. वाचायला किळस येते. पण बंड्या खेळण्यातला उंदीर मानेला धरून ज्या झटक्याने हलवतो, तो झटका तिथला आहे. एक उंदीर, एक झटका, पुढचा उंदीर.

मग नोकरी गेली. शेतांवर उंदरांसाठी विषाची औषधे आली. शिकारी कमी झाल्या. इंग्लंड-वेल्समध्ये २००४ साली कायदा झाला आणि फेब्रुवारी २००५पासून कुत्र्यांकरवी कोल्ह्याची शिकार बंद झाली. बिळात टेरिअर सोडण्यालाही फार थोडी सवलत उरली. कोल्ह्याच्या बाजूने पाहिले तर चांगलेच झाले, माझे त्याबद्दल काही म्हणणे नाही. पण कायद्याने काम बंद होते, रक्तातली निवड बंद होत नाही. आणि नेमक्या याच काळात हा कुत्रा पडद्यावर आला. १९९४चा 'द मास्क', २०११चा 'द आर्टिस्ट', शिवाय अमेरिकी दूरचित्रवाणीवरच्या मालिका. चलाख, चटपटीत, छोटा. लोकांनी तो पाहिला आणि घरी आणला. आपल्याकडे २००३च्या सुमारास मोबाइलच्या एका जाहिरातीने पग जातीचे जे केले तेच. पडद्यावरच्या कुत्र्यामागे दिवसभर एक शिक्षक उभा असतो आणि त्याला रोज कित्येक तास काम दिलेले असते, हे पडद्यावर दिसत नाही.

एवढे वाचून मी डॉक्टरांकडे परत गेलो आणि विचारले, की मग याला नोकरी कुठून देऊ? त्यांनी जे सांगितले त्यातले बरेचसे खर्चाचे नव्हते. गॅलरीत एक मोठे घमेले वाळू भरून ठेवले आणि त्यात त्याचे खेळणे पुरले; उकरायचे तर इथे. सकाळचे जेवण ताटलीत देणे बंद केले. ते जुन्या वर्तमानपत्रांचे बोळे भरलेल्या खोक्यात लपवायचे आणि त्याने नाकाने शोधायचे. वीस मिनिटे जातात आणि तासभर चालवल्याएवढा तो दमतो. काठीला दोरी, दोरीला फडके बांधून अंगणात ते पळवायचे. दिवसाकाठी तासाभराचे फिरणे, तेही उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत, कारण हा कुत्रा तापला तरी स्वतःहून थांबत नाही, थांबवायचे आपण. शिकवायचे ते पाच-पाच मिनिटे, खाऊ देऊन. ओरडून किंवा मारून त्याच्याशी जिंकता येत नाही. चारशे वर्षे ज्याला मागे न हटण्यासाठी निवडले, त्याच्यावर हात उगारणे म्हणजे त्याला पुढे या म्हणण्यासारखे आहे. भुंकणे पूर्ण थांबले नाही. पण लिफ्टच्या आवाजाला एकदा भुंकून आमच्याकडे यायचे आणि चण्याचा दाणा घ्यायचा, इतपत तह झाला.

आपल्या हवेत आणि शहरात आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. उंदीर-घुशींमागे लागणाऱ्या कुत्र्याला लेप्टोचा धोका मोठा. पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून पसरणारा हा आजार माणसांनाही होतो, म्हणून त्याची लस दरवर्षी चुकवायची नाही. रेबीजची तर नाहीच नाही. दुसरी गोष्ट विषाची. सोसायटीत उंदरांचे औषध टाकले की सेक्रेटरींनी आम्हांला आधी कळवायचे, असे आता ठरले आहे. त्या विषाने आतून रक्तस्राव होतो आणि लक्षणे दोन-तीन दिवसांनी दिसतात. तोवर थांबले की उशीर होतो. बाकी सगळ्या कुत्र्यांना लागू तेच यालाही: गोचीड रोज पाहायचे, शिऱ्यातला बेदाणा आणि पोह्यांतला कांदा द्यायचा नाही, चॉकलेट तर मुळीच नाही. आखूड केसांना आठवड्यातून एकदा ब्रश पुरतो, पण केस वर्षभर गळतात. काळी पँट घालणे मी सोडून दिले आहे. या जातीत डोळ्यातले भिंग जागचे सरकण्याचा आणि गुडघ्याची वाटी निसटण्याचा आजार आनुवंशिक आहे. पिल्लू घेताना त्याच्या आईबापांची तपासणी झाली आहे का ते विचारावे. आम्ही विचारले नव्हते. डोळा अचानक लाल झाला किंवा त्याने तो मिटून धरला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

आणि हे दीर्घकाळाचे लग्न आहे. ब्रिटनमध्ये २०२२ साली १८ जातींच्या आयुर्मानाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात जॅक रसेल सर्वांत वर होता: सरासरी पावणेतेरा वर्षे. साठीत कुत्रा घेणाऱ्याने हा आकडा दोनदा वाचावा.

त्याच वर्षी 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासाने मला थोडे जमिनीवर आणले. हजारो कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारून आणि अनेक कुत्र्यांची जनुके तपासून संशोधकांनी दाखवले, की एकेका कुत्र्याच्या वागण्यातला जेमतेम ९ टक्के फरक त्याच्या जातीवरून सांगता येतो. म्हणजे मी वर जे सगळे ठामपणे मांडले ते बंड्याला लागू पडले. दुसरा एखादा जॅक रसेल दिवसभर खिडकीत झोपून राहणारा निघू शकतो. इतिहासाने कल कळतो, प्रत्यक्ष प्राणी पाहूनच ओळखावा लागतो. वर्गातल्या मुलांबद्दल मला हे तीस वर्षे माहीत होते, कुत्र्याबद्दल उशिरा कळले.

महिनाभराची मुदत संपली तेव्हा शेतावरच्या गृहस्थांना मी फोन केला नाही. त्यांनीही केला नाही. सौभाग्यवतींनी त्या दिवशी काही न बोलता बंड्याच्या खोक्यात भाकरीचे चार तुकडे लपवले.

मागच्या दिवाळीत आजोबांचा ग्रामोफोन दुरुस्त करून आणला. तबकडी जुनीच, गोल कागद एका बाजूने उसवलेला, पण निपर शाबूत. आमच्या यंत्राला कर्णा नाही, आवाज पुढच्या जाळीतून येतो. मी चावी दिली आणि सुई ठेवली. खरखर सुरू झाली, मग पेटी, मग गाणे. बंड्या धावत आला, जाळीसमोर बसला आणि त्याने मान वाकडी केली. हुबेहूब चित्र! मी हाक मारून सौभाग्यवतींना बोलावले. तेवढ्यात माझ्या लक्षात आले की त्याचे डोळे गाणाऱ्याकडे नाहीत, जाळीच्या अंधाराकडे आहेत. कर्णा म्हणा, जाळी म्हणा, त्याच्या लेखी ते एक बीळ होते आणि आत कोणीतरी जिवंत होते. चित्रकार फ्रान्सिसच्या घरी निपरनेही बहुधा हेच पाहिले असावे. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून येईपर्यंत बंड्या पेटीच्या मागे गेला होता आणि पुढच्या दोन्ही पायांनी भिंतीचा कोपरा उकरत होता.